हंगाम संपला, मजुरी अडकली: आता काय करायचं?

दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, अकोट या भागांतल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, रात्रपाळ्या सुरू होतात. होळीनंतर गाड्या कमी होतात, मशीन थांबते आणि शेवटच्या पंधरवड्याची मजुरी कुठंतरी अडकते. शेठ म्हणतो, मुकादमाला देऊन टाकले. मुकादम म्हणतो, शेठकडूनच आले नाहीत. माझ्या वडिलांनी अशा चकरा खूप मारल्या. एका वर्षी त्यांची सतरा दिवसांची हजेरी होती, पण चार दिवस "वहीत लागलेच नाहीत" असं त्यांना सांगण्यात आलं. ते दिवस दाखवायला वडिलांपाशी कागदाचा तुकडाही नव्हता. ते तेरा दिवसांचे पैसे घेऊन घरी आले.

म्हणून पहिलं काम मजुरी थकल्यावरचं नाही, कामाला लागल्याच्या दिवसाचं आहे. एक शंभर पानी वही घ्या. तारीख, पाळी, किती वाजता आत गेलो, किती वाजता सुटलो, काय काम केलं, हजेरी कोणी घेतली, एवढं रोज लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. उचल घेतली असेल तर तीही तारखेसह लिहा. उचल लपवली की बाकीच्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मुकादमाचे मेसेज, मोबाइलवर आलेले पैसे, गेटपास, हजेरीच्या कागदाचा फोटो, यातलं काहीही पुसू नका. मोबाइल बिघडतो, हरवतो. फोटो घरच्या दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. रोजंदारीचे पैसे पाळी संपताना मिळायला हवेत. हप्त्यानं काम असेल तर हप्त्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, पंधरवड्याचं असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सुटलं, सोडलं किंवा काढून टाकलं, तर पूर्ण हिशेब दोन कामाच्या दिवसांत. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त राबवलं तर त्या वेळेची मजुरी दुप्पट दरानं. सगळ्या कपाती मिळूनही मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त पैसे कापता येत नाहीत. आणि एकाच कामाला बाईला कमी, माणसाला जास्त हा दर बेकायदेशीर आहे, गावात कितीही वर्षं चालत आला असला तरी.

मुकादमानं किंवा ठेकेदारानं पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी ज्याच्या कारखान्यात काम झालं त्या मालकावर येते. "तुझं त्याच्याशी बोलणं झालं होतं" हे उत्तर चालत नाही. शिवाय मजुरीचा दावा दाखल झाला की पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. पण तिथं काम केलं होतं, हे आधी तुम्हालाच दाखवावं लागतं. ती वही नेमकी इथं उपयोगी पडते.

पैसे थकले की आधी हिशेब मांडा. उदाहरणार्थ १७ दिवस, रोज ४५० रुपये, झाले ७,६५०. त्यातून उचल १,५०० वजा, बाकी ६,१५०. आकडा पक्का असला की बोलताना जीभ अडखळत नाही. तुमच्या कामाचा किमान वेतन दर किती, हेही कामगार कार्यालयात विचारून घ्या. तो धंद्यानुसार आणि भागानुसार वेगळा असतो. ठरलेली मजुरी त्याहून कमी असेल तर फरकाचे पैसेही मागता येतात.

मालकाकडे एकटे जाऊ नका, सोबतचे दोघे-तिघे घेऊन दिवसाढवळ्या जा. आवाज चढवू नका, पण "उद्या ये" ऐकून परतही येऊ नका. कोणत्या तारखेला देता, ते विचारा. ती तारीख टळली की साधा अर्ज करा:

"मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या कारखान्यात हमालीचे काम केले. एकूण १७ दिवसांच्या मजुरीपैकी ६,१५० रुपये मिळालेले नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत रक्कम द्यावी, अन्यथा कामगार कार्यालयात दावा करावा लागेल."

खाली नाव, पत्ता, सही. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती वहीला टाचून ठेवा.

आठ दिवसांत काही हललं नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. बरेच जण आधी पोलीस ठाण्यात जातात. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर तिथं जायलाच हवं, पण नुसत्या मजुरीच्या हिशेबासाठी कामगार कार्यालय हीच जागा. दहा जणांचे पैसे अडकले असतील तर एकच अर्ज करता येतो. एसटीचं भाडंही वाटून घेता येतं, आणि एकट्याला फोडणं सोपं असतं तसं दहांना नसतं. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. पण साक्षीदार पुढच्या हंगामात दुसऱ्या गावी जातात, म्हणून थांबू नका.

वकिलाची गरज पडली तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कारखान्यातले कामगार यांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. १५१०० या नंबरवरही विचारता येतं.

मजुरीखेरीज दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मशीनमध्ये बोट, हात गेला तर दवाखान्यात "घरी पडलो" असं सांगायला लावतात. तसं सांगू नका. काम करताना झालं हे कागदावर आलं नाही, तर पुढे भरपाई मागणं फार कठीण होतं. आणि बायांना कामाच्या जागी लैंगिक त्रास झाला, तोही खुद्द मालकाकडून झाला किंवा तिथं दहापेक्षा कमी माणसं असली, तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो.

कार्यालयाचं बोलावणं गेलं की शेठ बहुतेक वेळा तडजोडीला येतो. तडजोड करा, पण रक्कम आणि तारीख अधिकाऱ्यासमोर कागदावर घ्या, पैसे खात्यावर मागा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही नाही. "हिशेब पूर्ण मिळाला" असं लिहिलेल्या कागदावर तर पैसे खात्यात जमा झाल्यावरच, आणि तेही कुणाकडून तरी तो कागद मोठ्यानं वाचून घेतल्यावर.