इंटेल मॅकवरून एम-सिरीजवर जाताना: आधी प्लगइन आणि ड्रायव्हर तपासा

बॅकअप झालेला आहे असे धरून चालू.

जुन्या मॅकवर ऑप्शनची कळ दाबून ॲपल मेनूतून सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा, ॲप्लिकेशन्सच्या यादीतला ‘काइंड’ रकाना पाहा. ‘युनिव्हर्सल’ ॲपमध्ये इंटेल आणि ॲपलचा एम-सिरीज (एआरएम) अशा दोन्ही प्रोसेसरांचा कोड असतो, त्याची चिंता नको. ‘इंटेल’ असेल त्याची नवी आवृत्ती शोधा. मायग्रेशन असिस्टंटने (जुन्या मॅकवरचे सगळे नव्यावर नेणारे ॲपलचे ॲप) फक्त फायली आणि खाते न्या. ॲपही नेलीत तर जुनी इंटेल ॲप जशीच्या तशी नव्या मशीनवर येऊन बसतात.

सगळ्यांत जास्त वेळ खातात ते प्लगइन, म्हणजे ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्राम. ‘रोझेटा टाका, सगळे चालते’ हा सल्ला इथे मुळीच ऐकू नका. रोझेटा म्हणजे इंटेल कोडचे भाषांतर करून तो नव्या मॅकवर चालवणारी ॲपलची सोय. एका प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या एका प्रोग्राममध्ये) इंटेल आणि एआरएम कोड एकत्र चालत नाही, आणि रोझेटा २ अख्ख्या प्रोसेसचेच भाषांतर करते. त्यामुळे बहुतेक ऑडिओ सॉफ्टवेअर नेटिव्ह, म्हणजे भाषांतराविना, चालले की त्यातले व्हीएसटी या प्रकारचे इंटेल प्लगइन यादीतून गायब होतात, बहुतेकदा कसलाही संदेश न देता. त्या सॉफ्टवेअरच्या गेट इन्फोमध्ये ‘ओपन युजिंग रोझेटा’वर खूण केलीत तर ते परत येतात, पण फक्त एआरएमसाठी बनलेले प्लगइन जातात. ॲपलचे लॉजिक प्रो इंटेल ऑडिओ युनिट (ॲपलच्या प्रकारचे प्लगइन) वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते, म्हणून तिथे निभावते. व्हीएसटीला ही सोय मॅकओएस देत नाही. तेव्हा प्लगइनच बदला आणि नंतर ऑडिओ सॉफ्टवेअरमधून सगळ्या प्लगइनचे पूर्ण रीस्कॅन करा. आधी नापास झालेला प्लगइन कॅशमध्ये (सॉफ्टवेअरने जपलेल्या यादीत) तसाच नोंदलेला राहतो. रीस्कॅन चुकवलात तर नवी आवृत्ती टाकूनही तो दिसणार नाही.

प्लगइन बदलल्यावर ‘ओपन युजिंग रोझेटा’ची खूण काढायला विसरू नका. रोझेटा मॅकओएस २७पर्यंतच पूर्ण मिळेल, त्यानंतर मुख्यतः जुन्या गेमपुरती उरेल, असे ॲपलने २०२५मध्ये जाहीर केले आहे. तिच्या भरवशावर धंद्याचे काम ठेवणे मला पटत नाही.

कर्नल एक्स्टेन्शनचे (मॅकओएसच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचे) भाषांतर रोझेटा करतच नाही. ऑडिओ इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’, म्हणजे मॅकओएसच्याच ड्रायव्हरवर चालणारा, असेल तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नसेल आणि एआरएम ड्रायव्हरही निघालेला नसेल, तर ते उपकरण नव्या मॅकवर चालणार नाही; मॅक घेण्याआधीच हे पाहा.

बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज चालवण्याची सोय) विसरा.

शेवटी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘काइंड’ रकाना दाखवा आणि नेहमीचे काम सुरू करा. ‘इंटेल’ म्हणून जे उरेल, ते बहुधा अपडेटर किंवा परवाना तपासणारे मदतनीस ॲप असते. ते काढून मूळ सॉफ्टवेअर ताज्या इन्स्टॉलरने पुन्हा टाका.