चार वाजताचा पुडा आणि कच्ची वाटी: सवय कशी बदलावी

सकाळच्या पोह्यांनी किंवा रात्रीच्या भाकरीने आपलं खाणं बिघडत नाही. ते बिघडतं दुपारी चार ते सहाच्या मधे. चहा उकळत असतो, भूक लागलेली असते, डब्यात खारी असते. काकडीही घरात असते, पण फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात, न धुतलेली, गाठ मारलेल्या पिशवीत. हात खारीकडे जातो, कारण खारी तयार असते. आमच्या घरात ही सवय बदलायला जवळजवळ वर्ष लागलं. त्यात जे उपयोगी पडलं तेच इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आठवडाभर काहीच बदलू नका, रिकामी पाकिटं जमवा

एक कापडी पिशवी स्वयंपाकघराच्या दाराला अडकवा. घरात जे पाकीट संपेल ते कचऱ्यात न टाकता त्या पिशवीत टाका. बिस्किटं, नूडल्स, वेफर्स, सूपची पुडी, सॉसची बाटली, मुलांनी बाहेरून आणलेलं, सगळं. रविवारी ती पिशवी वर्तमानपत्रावर ओता. कुणावर रागवायचं नाही, फक्त दोन ढीग करायचे: कोणतं पाकीट भुकेपोटी फोडलं आणि कोणतं नुसतं समोर दिसलं म्हणून. आमच्याकडे दुसरा ढीग खूप मोठा निघाला. त्यातली बहुतेक पाकिटं संध्याकाळच्या चहाची होती.

दुसरी पायरी: पाकिटाची मागची बाजू वाचा

डबाबंद ते सगळं वाईट, असं मुळीच नाही. दही, पोहे, पीठ, घरचं लोणचं हेही प्रक्रिया केलेलेच पदार्थ, आणि ते आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची जी वर्गवारी मांडली, तिला ‘नोव्हा’ म्हणतात. तिच्यात चार गट आहेत: जसंच्या तसं किंवा जुजबी प्रक्रियेचं अन्न, तेल-साखर-मिठासारखे स्वयंपाकाचे घटक, साधं प्रक्रिया केलेलं अन्न, आणि अतिप्रक्रिया केलेलं अन्न. आपल्याला सोडायचा आहे तो चौथा गट.

तो ओळखणं सोपं आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल आलं, आणि पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, इमल्सिफायर अशी घरच्या फळीवर कधीच नसणारी नावं दिसली, की ते पाकीट चौथ्या गटातलं. ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ हे शब्द पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतात, त्यांच्यावर जाऊ नका. मागची बारीक अक्षरं वाचा.

हे खाणं इतकं जास्त का होतं, याचं एक उत्तर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेल्या प्रयोगातून मिळालं. वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हींत समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ आणि तंतू (फायबर) जवळपास सारखे ठेवले होते, आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रियेच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. ती भराभर खात होती, हेही दिसलं. गाजर चावायला वेळ लागतो. खारी तोंडात विरघळते.

तिसरी पायरी: किती कच्चं, ते आधी ठरवा

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण ‘उद्यापासून सगळं कच्चं’ असं ठरवून आजारी पडलेली माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलीच. आषाढात सुरुवात केली, पालक-कोबी कच्चे खाल्ले आणि चार दिवस पोट धरून पडून राहिले.

गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मन लावून केला होता. प्रकृती बिघडल्यावर त्यांना तो थांबवावा लागला. जर्मनीत दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहिलेल्या पाचशेहून अधिक लोकांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा बंद पडलेली आढळली, आणि वजनही फार उतरलेलं होतं. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही भाजी-फळात मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी लागते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दिवसभराच्या ताटातला अर्धा भाग फळं, कोशिंबीर, भिजवलेले दाणे असा कच्चा असावा. उरलेला अर्धा भाकरी, वरण, उसळ, भाजी असा शिजवलेला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. दोन पेरू, एक काकडी आणि वाटीभर कोशिंबीर एवढ्यात त्याच्या आसपास पोचता येतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल, किंवा मधुमेहासाठी इन्शुलिन घेत असाल, तर फळं आणि पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला. मुतखडा होऊन गेलेल्यांनी कच्चा पालक टाळावा.

चौथी पायरी: बाजाराचा वार आणि धुण्याचा अर्धा तास

माझ्या अनुभवात सगळं काम इथेच होतं. नाशिककरांना भाजीसाठी लांब जावं लागत नाही. बुधवारी गोदाकाठचा बाजार असतो, गंगापूर रोडला आकाशवाणीजवळचा बाजार आहे. आठवड्यातून दोन वार ठरवा आणि घरी आल्याबरोबर, पिशवी कट्ट्यावर असतानाच, अर्धा तास धुण्याला द्या. संध्याकाळी धुऊ म्हणून ठेवलेली भाजी थेट पिशवीसकट फ्रीजमध्ये जाते.

काकडी, गाजर, पेरू, टोमॅटो, द्राक्षं यांच्यासाठी एक लिटर पाण्यात खाण्याच्या सोड्याचे दोन छोटे चमचे घाला, बारा ते पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि मग वाहत्या नळाखाली चोळून धुवा. सालीवरचं फवारणीचं औषध यातून बरंचसं निघतं. आत मुरलेलं निघत नाही. द्राक्षांबद्दल एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. मण्यांवरची पातळ, एकसारखी पांढुरकी लव हे फवारणीचं औषध नसून फळाचं स्वतःचं मेण असतं. थेंब वाळल्यासारखे तुटक डाग दिसले तर ते फवाऱ्याचे असू शकतात. धुवायचं मात्र दोन्ही.

पालेभाजीची मुळं कापून पानं मोकळी करा. मोठ्या पातेल्यात तीन पाण्यांतून काढा आणि दर वेळी पानं वर उचला. पातेलं चाळणीत ओतलं तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. मग पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते, कोरडी करून सुती कापडात गुंडाळलेली आठवडा काढते.

आता शेवटचं: धुतलेली काकडी, गाजर, पेरू फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, डोळ्यांच्या रेषेत ठेवा. भिजवलेल्या शेंगदाण्यांचा डबा शेजारी. सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे भिजवण्याआधीच निवडून फेका. बिस्किटांचा डबा रिकामा करून माळ्यावर. कुणाला खायचंच असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून लहानात लहान पुडा आणून खावा. मनाई नाही, पण साठा नको.

पाचवी पायरी: फक्त चारची वेळ बदला

पहिले दोन आठवडे बाकी काही बदलू नका. चार वाजता चहाच्या आधी एक पेरू किंवा मूठभर भिजवलेले दाणे आणि काकडी, मग चहा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी चहा घेतला की हात सवयीने डबा शोधतो. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, हे ऐकून आमच्या सासूबाईंनी टोस्ट सोडला नाही. पेरूवर तिखट-मीठ भुरभुरून समोर ठेवल्यावर सोडला.

रोज कोला पिणाऱ्यांना पहिले काही दिवस डोकं दुखू शकतं, कारण त्यात कॅफिन असतं. एकदम बंद न करता आठवडाभरात कमी करत आणा. जिभेला मीठ कमी लागायची सवय व्हायला काही आठवडे जातात. तोवर लिंबू, जिरेपूड, कोथिंबीर सढळ हाताने वापरा.

तिसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या जेवणात एक वाटी कोशिंबीर, आणि ती सर्वांत आधी. पाचव्या आठवड्यापासून रात्रीही. याहून घाई केली तर पोटात वायू धरतो, कारण आतड्याला एवढ्या तंतूची सवय नसते. पाणीही वाढवा.

आपल्याच घरातल्या कच्च्या वाट्या

परदेशी सॅलडच्या मागे जायची गरज नाही. आपला घोळाणाच घ्या. कोवळ्या मेथीची दोन मुठी पानं बारीक चिरायची, एक कांदा किंवा कांद्याची पात, दोन चमचे जाडसर दाण्याचं कूट, लाल तिखट, लिंबू आणि वरून चमचाभर कच्चं तेल. मीठ अगदी पानावर वाढताना, नाहीतर पाणी सुटतं आणि सगळं लगदा होतं. हाताने हलकं घोळायचं. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर हे असलं की दुसरी भाजी लागत नाही. तेल आणि कूट नुसते चवीला नसतात. पानांतलं कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अंगी लागायला थोडी चरबी लागते.

चैत्रातली कैरीची डाळ, मुळ्याचा चटका, गाजराची पचडी, दडपे पोहे, ही यादी तुमच्या आईला विचारा, माझ्याहून मोठी निघेल.

आणि हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे आणा. आधी पाण्यातून काढून निथळू द्या, मग संध्याकाळी कागदावर जुडी सोडून सगळ्यांनी भोवती बसायचं. एक घाटा सोलायचा, एक-दोन दाणे मिळतात, मग पुढचा. अर्ध्या तासात जेमतेम वाटीभर सोलाणे पोटात जातात आणि तरी भूक भागते. वेफर्सचं मोठं पाकीट पाच मिनिटांत संपवणारा आमचा मुलगा या कागदावरून उठत नाही.

काय कच्चं खाऊ नये

राजमा कधीच नाही. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय त्यातला विषारी घटक जात नाही. अळू आणि सुरण घसा खाजवतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन येतात, त्या जरूर घ्या, पण शिजवूनच खा. शेवळं कच्ची चाखणाऱ्याला हे सांगायला लागत नाही. हिरवट झालेला बटाटा फेकून द्या. दूध उकळूनच.

मोड आलेल्या कडधान्याबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. मोड ज्या ओल्या उबेत येतात, त्याच उबेत जंतूही वाढतात. म्हणून मटकी-मुगाला पाच-सात मिनिटं चांगली वाफ द्या. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊच नका. टोमॅटो मात्र दोन्ही प्रकारे खावा: कच्च्यात क जीवनसत्त्व जास्त टिकतं, शिजवलेल्यातलं लायकोपिन, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य, शरीराला जास्त मिळतं.

सुरुवात दिवाळीनंतर करा. गाजर, मुळा, मेथी, पेरू, बोरं, आवळे तेव्हा भरपूर असतात, मागोमाग सुरगाण्याची स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं येतात, उन्हाळ्यात काकडी, कलिंगड, करवंदं. पावसाळा लागला की पालेभाज्या आणि कोबी कच्चे बंद, फक्त सोलता येणारी फळं आणि काकडी. रविवारची मिसळ वर्षभर चालू ठेवा, त्यावर कांदा-लिंबू थोडं जास्त घ्या.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज नाशिकहून मुंबईला ये-जा करणाऱ्यांसाठी एक सूचना. चिरलेलं फळ डब्यात नेऊ नका, उन्हाळ्यात दुपारपर्यंत ते नासतं. अख्खी धुतलेली काकडी, दोन केळी, पेरू आणि भाजलेल्या दाण्यांची डबी न्या. दाण्यांची डबी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे परतीच्या गाडीत भूक लागेल तेव्हा ती आधी हाताला लागेल.