प्रोक्लिव्हिटी : अर्थ पाठ असतो, वाक्य चुकतं

जीआरई या परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेच्या शब्दयाद्यांत ‘प्रोक्लिव्हिटी’ या इंग्रजी शब्दासमोर ‘प्रवृत्ती’ एवढंच लिहून ठेवलेलं असतं. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्यावर वाक्य करायला गेलात की घोळ होतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती शब्दयोगी अव्ययात. मराठीत आपण ‘मध्येच बोलण्याची प्रवृत्ती’ म्हणतो, त्या ‘ची’चं हात सवयीनं ‘ऑफ’ करून टाकतो : ‘अ प्रोक्लिव्हिटी ऑफ इंटरप्टिंग’. हे चूक. ‘फॉर इंटरप्टिंग’ म्हणा, नाहीतर ‘टू इंटरप्ट’. ‘टुवर्ड’ही चालतं, पण त्यापुढे नाम हवं : ‘टुवर्ड व्हायोलन्स’. ‘ऑफ’ येतो तो प्रवृत्ती कुणाची हे सांगताना, म्हणजे ‘द प्रोक्लिव्हिटीज ऑफ द रिच’. उच्चारात जोर ‘क्लि’वर द्यायचा; ‘प्रो’ लांबवायचा नाही.

मूळ लॅटिन ‘क्लिव्हस’ म्हणजे उतार. मन आपसूक जिकडे घरंगळतं ती बाजू. त्यामुळे हा शब्द बहुधा उधळपट्टी, अतिशयोक्ती, भांडण असल्या गोष्टींना जोडून येतो. चांगल्या गुणाला लावणं व्याकरणात चुकीचं नाही, पण कानाला खटकतं. अनेकवचनात तर जपूनच. कुणाच्या ‘प्रोक्लिव्हिटीज’ म्हटलं की वाचणाऱ्याला भानगडीचा, अनेकदा लैंगिक आवडीनिवडींचा वास येतो. शिफारसपत्रात विद्यार्थ्याच्या ‘प्रोक्लिव्हिटीज’चं कौतुक करणं म्हणजे त्याच्या पायावर धोंडा. तिथे ‘अ‍ॅप्टिट्यूड’ हवा. आपल्याकडे अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला ‘कल चाचणी’ म्हणतात, म्हणून हे दोन शब्द एकच वाटतात. पण अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे अंगची कुवत, प्रोक्लिव्हिटी म्हणजे ओढा. गाण्याचा ओढा असलेला माणूस बेसूर असू शकतो.

लोखंड गंजतं, ती त्याची ‘टेंडन्सी’. निर्जीव वस्तूला प्रोक्लिव्हिटी नसते. घराण्यात मधुमेह असेल तर ‘प्रिडिस्पोझिशन’, म्हणजे तो होण्याची शक्यता आधीपासूनच अंगात असणं.

‘प्रोपेन्सिटी’ हा सर्वांत जवळचा भाऊ, तरी काही ठिकाणी अदलाबदल चालत नाही. अर्थतज्ज्ञ केन्सच्या १९३६ च्या ग्रंथापासून अर्थशास्त्रात ‘प्रोपेन्सिटी टू कन्झ्यूम’, म्हणजे उपभोग प्रवृत्ती, हा शब्दप्रयोग रूढ आहे. एमपीएससीवाल्यांना हे ठाऊकच असेल : उत्पन्न १०० रुपयांनी वाढलं आणि त्यातले ८० खर्च झाले, तर सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८. तिथे प्रोक्लिव्हिटी लिहिलं की परीक्षक हसेल.

जीआरईच्या सेन्टेन्स इक्विव्हलन्स या प्रश्नप्रकारात रिकाम्या जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द सहा पर्यायांतून निवडायचे असतात आणि एक बरोबर आला म्हणून अर्धे गुण मिळत नाहीत. तिथे प्रोक्लिव्हिटीसोबत प्रोपेन्सिटी किंवा ‘पेन्शां’ (ओढा, आवड) दिसतो का ते आधी शोधा. मात्र पेन्शांपुढे ‘फॉर’च लागतो, ‘टू’ नाही.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या २५० शब्दांच्या निबंधात हा शब्द एकदा आला तरी खूप. एरवी सरळ ‘पीपल टेंड टू’ लिहा.