वर्गात टीव्ही आला, पण या चुका टाळा

आमची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी. लोकवर्गणीतून टीव्ही आला त्या वर्षी मी सगळ्या विषयांना एकच औषध लावलं, व्हिडिओ. मराठीला कवितेचा, गणिताला पाढ्यांचा, परिसर अभ्यासाला पाण्याचा. पोरं गप्प बसायची म्हणून मला वाटायचं शिकतायत.

मग एकदा लांबी मोजण्याचा व्हिडिओ दाखवला आणि लगेच एकाला पेन्सिल मोजायला दिली, तर गड्यानं पट्टीवरच्या शून्याऐवजी १ पासून सुरुवात केली, १४ सेंटिमीटरची पेन्सिल १५ भरली. आता मी आधी मोजायला देतो आणि असली चूक दिसली की तशीच पेन्सिल-पट्टी स्वतःच्या हातात धरून फोटो काढतो (पोराचा हात दिसला की हसतात लगेच) आणि तो टीव्हीवर मोठा करून विचारतो, काय चुकलंय सांगा. वर्गात नुसता दंगा, पण कामाचा.

दुसरी चूक म्हणजे फोन कायम सरांच्याच हातात. मराठीत उतारा वाचताना पोरालाच फोनवर नुसतं रेकॉर्ड करू द्या आणि त्याला त्याचाच आवाज ऐकवा. एक पोरगी 'परार्थना' म्हणायची, मी दहा वेळा सांगून जे झालं नाही ते तिनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, सर परत घ्या. वर्गात गलका असेल तर व्हरांड्यात जा, नाहीतर शेजारच्याचे पाढेच रेकॉर्ड होतात.

परिसर अभ्यासाला आम्ही मोड आलेली मटकी मातीत लावली आणि रोज एक फोटो. पहिल्या वेळी सगळं फसलं, कारण रोज वेगळा पोरगा वेगळ्या बाजूनं फोटो काढायचा, रोप वाढलं की कॅमेरा जवळ गेला तेच कळेना. आता फरशीवर खडूनं दोन खुणा, एक कुंडीची, एक फोनची, आणि मागे पट्टी उभी. फोटोवरून उंची वहीत लिहायची आणि खाली मराठीत दोन वाक्यं, म्हणजे एका मटकीत तीन विषय उरकतात. वेगळा 'डिजिटल तास' मी बंदच केला.

आता रोजची रडगाणी. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर (सरकारचं शिक्षणाचं ॲप) स्कॅन होत नसेल तर पान सपाट करा, उजेडाची चमक टाळा, तरी नाही झालं तर कोडखालची सहा अक्षरं-अंक टाइप करा, चालतं. बाय द वे, पुस्तकातल्या क्यूआर कोडचं नाव घेतलं की पुस्तकात हे कोड आणणारे परितेवाडीचे डिसले गुरुजी आठवतात, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मास्तरला.

टीव्हीवर 'नो सिग्नल' आलं तर आधी रिमोटनं सोर्स बदलून बघा, मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून पी आणि डुप्लिकेट निवडा. चित्र दिसतंय पण आवाज नाही, तर तो बहुतेक वेळा एचडीएमआय केबलमधून टीव्हीकडे किंवा प्रोजेक्टरकडे गेलेला असतो, खालच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. प्रश्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते, दुसरीकडे न्यायची असेल तर युनिकोडमध्येच (म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसते) टाइप करा किंवा पीडीएफ करून न्या.

आणि ऑनलाइन व्हिडिओ वर्गात थेट लावूच नका. हात धुण्याचा व्हिडिओ लावला आणि मधेच रमीची जाहिरात, अख्ख्या वर्गाला ती पाठ झाली, हात धुणं राहिलं बाजूला. घरीच शेवटपर्यंत बघा, ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर करून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी तास अडत नाही. लाइट गेली तर मात्र फळा आहेच.

केबल कपाटात कुलपात ठेवा. आमची एकदा गणपतीच्या मंडपातल्या टीव्हीला लागली होती, विसर्जनानंतर परत मिळाली, एक पिन वाकवून.