आग लागली तर लपायचं नाही! लहान मुलांना हे कसं शिकवायचं

घाबरलेलं मूल लपतं. पलंगाखाली, कपाटात, पांघरुणात. भीतीदायक गोष्ट दिसेनाशी झाली की ती संपली, असा त्याचा हिशोब असतो. म्हणून माझ्या बालवर्गात आगीचा धडा 'काडेपेटीला हात लावू नका' इथून सुरू होत नाही. पहिलं वाक्य असतं, 'लपायचं नाही, बाहेर जायचं.' मुलांकडून ते ओरडून म्हणवून घेते. हळू म्हटलेलं चालत नाही.

मग चादर आणते. दोन मोठी माणसं ती मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर आडवी ताणून धरतात. चादर म्हणजे धूर. गरम धूर वर चढतो आणि जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात बरी राहते, एवढंच सांगायचं. मग हात-गुडघे टेकून, चादरीखालून रांगत दारापर्यंत. पाठ चादरीला लागली की पुन्हा सुरुवात. बंद दार आलं तर आधी हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम लागलं तर ते उघडायचं नाही, दुसऱ्या वाटेने जायचं.

'थांब, आडवा हो, लोळ' हे मुलांना इतकं आवडतं की तिथेच घोटाळा होतो. आग लागली तर काय करशील, असं कुणालाही विचारा, 'लोळेन!' लोळणं फक्त अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तरच, तेही तोंड दोन्ही हातांनी झाकून. म्हणून मी प्रश्न उलटसुलट टाकते. खोलीत धूर झाला? रांगायचं. बाही पेटली? लोळायचं. बाहुली आत राहिली? राहू दे. या शेवटच्या प्रश्नावर रडारड होते, पण ती आजच होऊन गेलेली बरी. घरात मांजर असेल तर तिच्याबद्दलही आत्ताच बोलून घ्या.

अग्निशमन दलाच्या जवानाचा पूर्ण पोशाखातला फोटो जरूर दाखवा. मास्क, हेल्मेट आणि घरघर श्वास असा माणूस धुरातून आला तर मोठ्यांचीही गाळण उडेल, मुलं तर त्याच्यापासूनच लपतात. मी तोंडासमोर डबा धरून तसा श्वास घेऊन दाखवते. हसतात, पण आवाज ओळखीचा होतो. मग 'मी इथे आहे!' असं ओरडायचा सराव.

काडेपेटी किंवा लायटर सापडला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं. सांगायला आलेल्या मुलाला शाबासकीच द्या. 'तू तिकडे गेलासच कशाला' असं खेकसलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. शिवाय मुलांना उघडता येऊ नये असं झाकण किंवा बटण आहे, यावर विसंबू नका. या वस्तू उंचावर, कुलपात. शेगडीभोवती मीटरभर अंतरावर जमिनीवर रेघ ओढा. तिच्या आत मुलांना प्रवेश नाही.

आता घरचा सराव. बाहेर पडायच्या दोन वाटा आणि बाहेर जमायची एक ठरलेली जागा मुलाला स्वतः चालून दाखवू दे. धूर झाला की वाजणारा अलार्म घरात असेल तर आधी सांगून त्याचं बटण दाबा आणि आवाज ऐकवा. मात्र लहान मुलं इतकी गाढ झोपतात की अलार्मने उठतीलच असं नाही. रात्री कुठल्या मुलाला कोण उठवणार, कोण उचलणार, हे मोठ्यांनी आपसात ठरवायचं. तीन वर्षांखालच्या मुलाकडून तर काहीच अपेक्षा ठेवू नका, त्याला उचलून नेणं हेच नियोजन.

भाजलं तर ताबडतोब साधं, गार वाहतं पाणी, 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. जखम मोठी असेल किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल तर डॉक्टर.

सहा महिन्यांनी पुन्हा सराव घ्या. त्या वेळी नेहमीचं दार अडलंय असं सांगा आणि मूल कुठे वळतं ते बघा.