ठाण्यात प्राण्यांसाठी काम सुरू करताना

ब्रिजित बार्दोचं उदाहरण नव्यांना मुद्दाम सांगावं ते तिच्या हिशेबीपणासाठी. या फ्रेंच नटीने १९७३ मध्ये, चाळिशीच्या तोंडावर, सिनेमा सोडला. प्राण्यांसाठीची तिची संस्था उभी राहिली ती १९८६ मध्ये. भांडवलासाठी १९८७ मध्ये तिने दागिने आणि स्वतःच्या वस्तू लिलावात काढल्या, पुढे सेंट-त्रोपेचं घरही संस्थेच्या नावावर केलं. १९९२ मध्ये फ्रेंच सरकारची मान्यता मिळाली. सीलच्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध ती १९७७ मध्ये कॅनडाच्या बर्फावर जाऊन उभी राहिली. मागणी एकच होती : ही शिकार थांबावी. १९८३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली आणि शिकारीची मोठी बाजारपेठच गेली.

तेव्हा इथेही एकच काम, एकच भाग धरावा. घोडबंदर रोडच्या चार सोसायट्या किंवा नेरुळचं एक सेक्टर पुरे. पूर्ण ठाण्याचे फोन घेणारा सहा महिन्यांत दमतो.

हात लावण्याआधी स्वतःला रेबीजची लस घ्या : ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. आधी पूर्ण लस झालेल्याला ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस लागतात. हळद, चुना लावत बसू नये, हे अजूनही सांगावं लागतं.

भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणात घोटाळा होतो तो बहुधा ऑपरेशन टेबलाच्या बाहेर. आदल्या रात्रीपासून कुत्रा उपाशी हवा. भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. म्हणून गल्लीतल्या खाऊ घालणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा, विशेषतः पहाटे दूध-पोळी ठेवणाऱ्या आजींना. सहा महिन्यांखालचं पिल्लू आणि अंगावर पाजणारी कुत्री उचलू नये. उचलताना फोटो, अंगावरच्या खुणा, गल्ली आणि जवळच्या दुकानाचं नाव लगेच लिहा. ‘तपकिरी कुत्रा, माजिवडा’ एवढ्यावर कोणीही तो परत जागेवर सोडू शकत नाही. परक्या हद्दीत सोडलेल्या कुत्र्यावर तिथली टोळी तुटून पडते, आणि तो जीव घेऊन पळतो तो थेट गाड्यांखाली. ऑपरेशननंतर किमान चार दिवस केंद्रात ठेवून, टाके पाहून, कानाला खाच (निर्बीजीकरण झाल्याची खूण) असल्याची खात्री करूनच परत आणावा. एका वस्तीतले कुत्रे एकदमच करावेत. इथला एक, तिथला एक केलात तर उरलेल्या कुत्र्या व्यायल्या की संख्या पुन्हा तेवढीच.

मूळ जागी सोडण्याला आता अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालयं, बसडेपो, रेल्वे स्थानकांच्या आवारातून उचललेले कुत्रे परत तिथे सोडायचे नाहीत. त्याआधी, ऑगस्ट २०२५ च्या त्याच न्यायालयाच्या आदेशाने रस्त्यावर कुठेही खायला घालण्यालाही मनाई झाली. पालिकेने ठरवलेल्या जागीच घालायचं. सोसायटीच्या बैठकीत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण (एबीसी) नियमांची छापील प्रत न्या : खाण्याची जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, असं त्यात स्पष्ट आहे. आवाज चढवण्यापेक्षा हे कागद जास्त चालतात.

बार्दोचं एक मात्र घेऊ नये. समाजगटांविषयीच्या द्वेषपूर्ण विधानांसाठी फ्रेंच न्यायालयांनी तिला अनेकदा दंड केला. इथेही ‘ते लोक असेच’ असं ग्रुपवर कोणी टाकलं की उद्या त्याच वस्तीत कुत्रे पकडायला माणूस मिळत नाही. असे मेसेज लगेच काढायला लावा.

वन्यप्राणी हे वेगळं खातं. येऊरच्या बाजूला बिबट्या दिसला, मांजाने घार कापली, खाडीकाठी जखमी फ्लेमिंगो सापडला, तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. पक्षी हवा जाणाऱ्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि घरी पाळण्याचा मोह नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असं पाळणं गुन्हा आहे.