ब्लॅक बेल्टनंतर: रांगेसमोर उभं राहण्याआधी

सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या कराटेच्या गुरूंनी, 'आजचा क्लास तू घे' म्हटलं, तेव्हा समोर बारा पांढरे पट्टे, म्हणजे अगदी नवखे, होते. मी ऐटीत 'उजवा पाय मागे' म्हणाले आणि माझा उजवा मागे घेतला. निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी पाहिलं. अर्धी रांग उजवीकडे, अर्धी डावीकडे.

म्हणून कराटे शिकवायची तयारी इथून करा: तोंडाने 'उजवा' म्हणत अंगाने डावा करायचा. घरी रोज दहा मिनिटं. मग हेयान शोदान ही पहिली काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आख्खी उलटी, डाव्याचं उजवं करून बघा. येते असं वाटत असेल, तर तिसऱ्या वळणाशी गर्व उतरेल. वर्गात काता घेताना चारही कोपऱ्यांत जुने विद्यार्थी उभे करा. नवी मुलं कुठेही वळली तरी समोर कुणीतरी दिसतं.

काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीलाही 'शोदान'च म्हणतात, आणि त्यातल्या 'शो'चा अर्थच सुरुवात. पट्टा काळा झाला म्हणजे स्वतःचं अंग ऐकू लागलं, एवढंच. दुसऱ्याच्या अंगात काय बिघडलंय ते दिसायला वेगळी नजर लागते.

ती नजर जमिनीपासून वर न्या. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्याच्या पवित्र्यात, आधी मागची टाच, मग गुडघे, कंबर, आणि शेवटी खांदा-मूठ. ग्याकु-झुकी (मागच्या पायाच्या बाजूच्या हाताचा ठोसा) मारताना खांदा उचलला जातोय म्हणून मी महिनाभर एका मुलाच्या खांद्यालाच धरून बसले होते. दोष टाचेत होता. ती उचलली जायची, कंबर फिरायची नाही आणि सगळा भार खांद्यावर यायचा. टाच टेकली, खांदा आपोआप खाली आला. आणि एका वेळी एकच चूक सांगा. पाच सांगितल्या की मूल जागच्या जागी गोठतं.

'जोर लाव' हे शब्द मी वर्गातून हद्दपार केलेत. त्याने नुसते दात आवळले जातात. माए-गेरीला, म्हणजे समोरच्या लाथेला, म्हणा, 'गुडघा आधी वर, मग पाय, पाय परत ओढ, मग टेकव.'

क्रमाचा विचार जुन्या गुरूंनीही केला होता. ओकिनावाचे कराटेगुरू इतोसू आंको यांनी शाळकरी मुलांसाठी पाच पिनान काता बसवल्या. पुढे त्यांचे शिष्य फुनाकोशी यांनी या कातांना हेयान नाव दिलं आणि पहिल्या दोघींची अदलाबदल केली. या दोन्ही काता नवख्यांना शिकवून बघा, का ते लगेच कळेल.

कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढतीच्या सरावात, दोघांतलं अंतर तुम्ही ठरवायचं, मुलांनी नाही. डोक्याला मार बसला तर 'मी ठीक आहे' कितीही म्हणू दे, त्या दिवसाचा सराव बंद आणि डॉक्टरकडे. कुणाचा हात-पाय धरून दुरुस्त करायचा तर आधी विचारा.

शिकवायला लागलं की स्वतःचा सराव चोरपावलांनी जातो. मोजून मोजून घसा तेवढा बसतो, घाम येत नाही. आठवड्यातून एकदा तरी रांगेत उभ्या राहा.

आणि आपल्या गुरूंना एकदा आपला वर्ग बघायला बोलवा. माझे सेन्सेई तासभर गप्प बसून होते. निघताना एवढंच म्हणाले, 'उद्या मागे उभी राहून मोज.'

दुसऱ्या दिवशी मागून पाहिलं. बारापैकी सात टाचा हवेत होत्या.